दोन बोटांचं शटर

बाळारामभावजींनी रोह्याची निम्मी बाजारपेठ नापास केलीय. बिघडलेलं शटर दुरुस्त केलं, हत्यारं पिशवीत भरली आणि निघाले, असं त्यांचं नाही. आधी मालकाला समोर उभं करणार आणि म्हणणार, "आता तुमी उघडून दाखवा." मालकानं खाड्‌कन वर ढकललं की संपलं. "नापास! परत! शटर उठवायचं, आदळायचं नाय!" एका किराणावाल्याला त्यांनी ऐन गर्दीत दहा वेळा उठवायला लावलं. बिचारा घामाघूम, आणि गिऱ्हाईकं तांदूळ घ्यायचं सोडून मजा बघत उभी.

जोहे गावात एका गणपतीच्या कारखान्यात तर मालकानं घाईत लाथेनं शटर वर केलं. भावजी असे उखडले! "आत येवढे गणपती बसलेत, आन् तू लाथ मारून आत जातोस? लाज वाटत नाय?" मग म्हणे त्या मालकानं चपला काढून, नमस्कार करून शटर उघडलं. हे भावजींनीच सांगितलेलं, तेव्हा खरं-खोटं तो गणपतीच जाणे.

माझं बाजारपेठेत कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, रिबिनी, टिकल्या. आमचे हे आणि बाळाराम लहानपणचे दोस्त, म्हणून मी त्यांची वयनी. हे गेले आणि पनवेलचा मुलगा माझ्या मागे लागला, "आई, पुरे झालं, आता इकडे ये." पनवेलला जाऊन मी काय करू? चौथ्या मजल्यावर बसून रस्ता बघू? शेवटी आमचा तह झाला. ज्या दिवशी आईला शटर उचलवणार नाही, त्या दिवशी दुकान बंद. ही अट मी अख्ख्या बाजाराला सांगितली, आणि वर फुशारकीही मारली. अडुसष्टावं लागलं तरी मी दोन बोटांनी शटर उघडते! शेजारचा शिंपी बाबू तिशीचा, पण त्याचं शटर उचलताना तो कण्हतो. मी त्याला रोज चिडवायची.

भावजी पावसाच्या आधी येऊन शटराला ग्रीस लावून जायचे. ते ठीक. पण गेली तीनचार वर्षं एक नवीनच खूळ. रोज संध्याकाळी आठाच्या ठोक्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून त्यांची सायकल दारात हजर. "वयनी, बाजूला व्हा. शटर मी लावतो. बाईमाणसानं लावलं की ते रुसतं."

"अहो, चाळीस वर्षं दुकान चालवतेय मी!"

"चालवा की. नाय कोन म्हणतंय?" असं म्हणत ते शटर ओढणार, कुलूप लावणार, आणि पायरीवर बसून आज कोण कोण नापास झालं ते चहा संपेपर्यंत सांगणार. मी कुरकुर करत ऐकायची.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ते आलेच नाहीत. पाय मुरगळला, असा निरोप आला. म्हटलं, बरं झालं, आज माझं शटर मी लावीन. आकड्याची काठी अडकवली आणि ओढलं. ढिम्म! जोर लावला. तरी ढिम्म. शेवटी लटकलेच. पाय जमिनीवरून सुटले, पण शटर काही हलेना.

"काकी, झोका घेताय काय?" बाबू धावत आला. आम्ही दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे ते खाली आलं. शटर बिघडलं, आता मुलाच्या कानावर गेलं की आटोपलंच सगळं!

सकाळी रिक्षा करून तडक अष्टमीला गेले. भावजी पायाला लेप लावून खाटेवर पडलेले. मी तोंड सोडलं, "कसली दुरुस्ती करता हो? शटर बिघडलंय!"

"बिघडलं नाय," ते म्हणाले. "ग्रीस लावताना मीच दरवर्साला स्प्रिंगला एक पीळ जास्त देतो."

"कशाला?"

"तुमचे हात उतरत चाललेत, वयनी. आन् पोरानं अट घातलेली. स्प्रिंग कडक केली का शटर वर जायाला हलकं. फकत मंग खाली वढायला जड. ते वढायला मी येतो."

मला आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन बोटांचा माझा तोरा, तो सगळा ह्या माणसाच्या जोरावर!

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुमी येवढ्या तोऱ्यात उघडलं असतं काय?"

डोळे भरून आले माझे. म्हटलं, "सोडा ते पीळ. सकाळी बाबूला हाक मारीन मी. ह्या वयात तुम्ही रोज कुठे पूल ओलांडत येणार?"

बाजारपेठेला दरडावणारा माणूस पायाचा लेप चाचपत बसला. मग हळूच म्हणाला, "नका सोडायला लावू, वयनी. पोरी नांदायला गेल्या, बायको गेली. आठ वाजता कोनतरी आपली वाट बघतंय, येवढंच हाय मला."

"पाय बरा होईस्तोवर बाबूला लटकवते शटराला," मी कसंबसं म्हटलं, "पण पुढे एक दिवस खाडा चालायचा नाही. आणि आठ वाजता नाही हो भावजी, मी पावणेआठपासूनच वाट बघते."