मथुराबाईंनी बापाची कथा ऐकिली ती हकीकत

श्रीहरीचे चरणी मस्तक ठेविले आहे. दुसरे असते तर हरिदासांचे पायधुळीत ठेविले असते, परंतु देवाने एकच दिले, सबब त्या एकानेच दोहींकडे नमस्कार करोन लिहितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध नवमी, ते दिवशी जे वर्तले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य थोर होते, राजे नाचाचे शौकी होते, इतके जाणिजे.

त्या राज्यात रंगमहाली मथुराबाई म्हणोन नर्तकी होती. रूप बेताचे, परंतु पाय ऐसे की जमीन वाट पाहे. तिणे पैल समुद्रीच्या मुलखातील एका बाईपासोन सात ओढण्यांचा नाच शिकोन घेतला. अंगावर सात झिरझिरीत ओढण्या घ्याव्या, आणि मृदंगाचे बोलावर एकेक उतरावी, आणि सहा उतरल्या की बाईने हसोन मुजरा करावा आणि पडद्याआड जावे. सातवी आज उतरेल म्हणोन मातबर सरदार चार चार वर्षे बैसत आले, परंतु ती कधी उतरली नाही, आणि बाईंचे उत्पन्न म्हणाल तर सारे त्या सातवीचे होते. दोन चौकांचे घर जाहले, दारी पालखी, गोठ्यात बारा गाई, हाती सोन्याचे तोडे. रंगमहालची रीत ऐसी होती की कोणी दौलतजादा फेकिला तर नाणे खणखणोन थांबण्याचे आत तिकडे वळोन तीन वेळ मुजरा करावा. चुकल्यास सरदाराचा अपमान. बाई अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. हात आपोआप उठे, मन कोठे का असेना.

मन कोठे असे, तर बापाचे कथेत असे. विश्वंभरबुवा हरिदास, तिचे तीर्थरूप, कमरेस फडशीचे वस्त्र बांधोन कथेस उभे राहिले की गावचे आजारी माणूस अंथरूण टाकोन येई. मथुरा सात वर्षांची जाहली तैपासोन बुवांचे पाठीशी झांज घेऊन उभी राही. बुवांनी पद म्हणावे आणि पोरीने मागून उचलावे, ऐसे दहा वर्षे चालले. मग दुष्काळ पडला, आणि रंगमहालचे लोक नाचणाऱ्या पोरी शोधीत आले, आणि मथुरा गेली. वर्षाने शिधा आणि शालजोडी घेऊन ती घरी आली, तेव्हा बुवा अंगणात उभे होते.

बुवा म्हणाले, "पोटासाठी गेलीस, हे देव समजून घेईल. आता पाऊस पडला आहे. राहा."

ती म्हणाली, "आबा, खोटे कशास बोलू? मला तेथे गोड लागते."

"ते न बोलतीस तर बरे होते."

"तुम्हीच शिकविले ना, खोटे बोलू नये म्हणोन?"

तेव्हा बुवांनी शालजोडी उंबऱ्याबाहेर ठेविली आणि शपथेचा शब्द बोलिला की, ज्या मांडवात ही बसेल त्या मांडवात माझी चिपळी वाजणार नाही. त्या दिवसापासोन दहा वर्षे तिणे बापाचा आवाज ऐकिला नाही. ज्यास कथेची गोडी लागली आहे त्यास हे दुःख सांगावे लागत नाही, आणि ज्यास लागली नाही त्यास सांगोन कळत नाही. बाई पंचपक्वान्ने जेवी आणि उठताना म्हणे, आज काही जेवल्यासारखे वाटले नाही. दुसऱ्या हरिदासांची कथा घरी करविली, त्यांना शेला पागोटे दिले, आणि ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करोन बसली.

मग फाल्गुनात वार्ता आली की बुवांस कफाची व्यथा जाहली, आवाज बसत चालला, यंदाचे रामनवमीस आठ कोसांवरील देवळात कथा करितील आणि पुढे होईल की न होईल, देव जाणे. तिसरे दिवशी तिणे चिमाक्काला, म्हणजे घरची जुनी नर्तकी, आता बाईंची दासी आणि आईचे ठायीही तीच, बोलावोन सांगितले की, मी जाणार.

चिमाक्का म्हणाली, "ओळखली गेलीस तर म्हातारा चिपळी खाली ठेवील. भर उत्सवात कथा मोडेल. ते पाप कोण घेईल, मी?"

"ओळखतील कसे? जाडेभरडे लुगडे नेसते, तोंडावर पदर घेते, बायकांत मागे बसते."

"आणि तुझी चाल? सात गावांत ऐसे कोणी चालत नाही."

"मग लंगडत जाते."

"लंगड. देवाला तरी कळेल तू कोण ते."

आणि दोघी बैलगाडीत बसोन निघाल्या. तोडे काढिले, पैंजण काढिले, हातांचा रंग जाईना म्हणोन हळद फासली. चौथे प्रहरी देवळी पोहोचल्या, बाई खरोखर लंगडत गेली, आणि बायकांचे मागले रांगेत खांबाशी बसली. मांडव भरला होता. बुवा उभे राहिले. केस पिकले, खांदा उतरला, आणि पहिला शब्द बोलिले तो आवाजास चीर पडलेली, जैसे चांगले भांडे तडकावे. परंतु दुसरे चरणी आवाज लागला, आणि खांबाशी बसलेल्या बाईचे डोळे जे वाहू लागले ते तिणे पुसलेही नाहीत.

पूर्वरंगानंतर बुवांनी कथा लाविली ती एका परटिणीची. देवाचे शेले ती धुवी, परंतु देवळी येण्याची तिला मनाई. सबब उत्सवाचे दिवशी ती नदीचे या तीरी उभी राहोन त्या तीरीची पालखी पाही. त्या वर्षी नदीस पूर आला, आणि पालखी निघाली, आणि मध्ये पाणीच पाणी. येथवर कथा आणोन बुवा थांबले, आणि मध्यंतराचा गजर जाहला, बुवांचे गळा हार घातला, आणि देवळाचे रीतीप्रमाणे बुक्क्याचे तबक बायकांत फिरू लागले. ज्याने त्याने बुक्का लावावा आणि जमेल ते तबकात टाकावे.

शेजारी एक कासारीण बसली होती. तिणे पैसा टाकिला. पैसा वाजला, आणि मथुराबाईचा हात कपाळी गेला, मान लवली, आणि तोंडावर ते हसू आले. एक, दोन, तीन.

कासारीण म्हणाली, "अगो, मला कशाला मुजरा? मी काय सरदारीण?"

बाईने हात पदराखाली दाबिला. परंतु तबक पुढे सरके, पैसा वाजे, आणि हात सुटोन वर जाई. पुढील बायका वळोन पाहू लागल्या, कोणी हसली, कोणास भ्रमिष्ट वाटली. पुरुषांचे बाजूस एक शिलेदार होता, तो तीन वर्षे सातव्या ओढणीची वाट पाहिलेला, त्याने तो मुजरा पाहिला मात्र, आणि म्हणाला, "हा हात मी ओळखतो. ही रंगमहालची मथुरा."

बुवा हार सारखा करीत होते, त्यांचा हात तेथेच राहिला. मग त्यांनी चिपळ्या खाली ठेविल्या. सगळ्या गावास त्यांचा शब्द ठाऊक होता. उत्सवाचे यजमान हात जोडोन म्हणाले, "बुवा, तिला उठवितो. कथा राहू नये." आणि बायका सरकोन वाट करू लागल्या. कोणी उठविण्याचे आधीच मथुराबाई उठली. लंगडण्याचे विसरली, आपल्या चालीने दाराकडे गेली, आणि तिचे मनात इतकेच होते की मी बाहेर गेले तर ते पुढे बोलतील, आणि भिंतीपलीकडोन थोडे ऐकू येईल.

उंबऱ्यापाशी पोहोचली तो मागोन बुवा बोलिले. तिचेकडे पाहोन नव्हे; देवाकडे पाहोन.

"परटीण तीरावर उभी आहे. तिला तशी टाकोन कोणी उठू नये. आमचे गुरूंनी शिकविले, अर्धी कथा ऐकोन गेलेले माणूस आयुष्यभर त्या तीरावर राहते."

यजमान म्हणाले, "बुवा, तुमचा शब्द..."

"शब्द माझा होता. मांडव देवाचा आहे. मी येथे उभा राहण्यापुरता. बसावे."

ती उंबऱ्याशीच बसली. बुवांनी चिपळ्या उचलिल्या, आणि पूर उतरविला, आणि पालखी पाण्यातोन परटिणीकडे आणिली; आणि पद म्हणताना कफाने आवाज मध्येच तुटला. तो उंबऱ्यावरोन मागील चरण कोणी हळूच उचलिला, जेमतेम ऐकू जाईल इतका. बुवांनी श्वास घेतला आणि पुढील चरण म्हटला. मग पुन्हा मागोन, मग पुन्हा पुढोन, ऐसे पद पुरे जाहले. हे लिहिणार त्या दिवशी चौथे रांगेत होता आणि त्याने अनेक कथा ऐकिल्या, परंतु तैसे पद पुन्हा ऐकिले नाही.

आरती जाहली. चिमाक्का कानाशी म्हणाली, "जा ना, पायावर डोके ठेव." बाई म्हणाली, "नको अक्का. मागितले तर हेही जाईल." बुवा फडशी सोडीत होते. लोक उठू लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि जे चाळीस वर्षांत कोणत्याही कथेनंतर सांगितले नव्हते ते मोठ्याने सांगितले:

"पुढील एकादशीस नदीकाठचे देवळी कथा आहे. चौथे प्रहरी." आणि मागील दाराने निघोन गेले.

सारांश. मथुराबाई दशमीस रंगमहाली नाचली, सातवी ओढणी राहिली, उत्पन्न वाढले. बुवा आणीक सहा वर्षे जगले, आणि प्रत्येक कथेअंती पुढील गाव आणि प्रहर सांगत राहिले, आणि ती प्रत्येक ठिकाणी उंबऱ्याशी बसली. बापलेकीत बोलणे एक शब्दाचेही जाहले नाही. शेवटले कथेनंतर बुवा हात वर करोन बराच वेळ उभे राहिले, आणि गाव सांगितले नाही.