ठमामावशीचा जहाल हात

एका जंगलात, म्हणजे हल्ली जिथे रिसॉर्टची पाटी लागलीय त्याच्याही बऱ्याच मागे, एक गवा राहत होता. मुलांनो, गवा म्हणजे गाय नव्हे. गेल्या वेळी तुमच्यापैकी एकाने गोष्ट संपेपर्यंत तो दूध किती देतो, हेच विचारलं होतं. तो दूध देत नाही. नीट बसा.

या गव्याचं नाव शिंगाडेराव. तो कळपाचा म्होरक्या होता. कळपात एक जुनी रीत होती. चैत्रात खालचा ओढा आटला की सगळ्यांनी कडा चढून वरच्या तळ्यावर जायचं. म्होरक्याने सगळ्यांच्या पुढे चढायचं. वाटेत म्होरक्या थांबला, तर त्याने तिथूनच कळप सोडायचा. एकट्याने. एकट्या म्हाताऱ्या गव्याचं पुढे काय होतं, ते वाघाला विचारा.

त्या वर्षी शिंगाडेरावांचा उजवा खांदा आखडला. पाय पुढे पडेना, मान वळेना. बायको भागाबाई त्यांच्यासाठी तोंडात धरून चारा आणू लागली. चढाला महिना उरला होता.

"अहो, रगडोबांकडे जाऊन या," भागाबाई म्हणाली. "सगळं जंगल जातं."

रगडोबा हे अस्वल. मोठे वैद्य. त्यांच्या गुहेबाहेर पाटी होती : 'दुखलं नाही तर पुन्हा दाबून मिळेल.' बाहेर रांगेत बसलेले लोक आतल्या किंकाळ्या ऐकून माना डोलवायचे. जितकी मोठी किंकाळी तितका चांगला इलाज, असा तिथला हिशोब. घरी गेल्यावर अंगावरचे काळेनिळे डाग शेजाऱ्यांना दाखवायचे. ज्याच्या अंगावर डाग नाही, तो वशिल्याने आत गेला असणार.

रगडोबांनी शिंगाडेरावांच्या खांद्यावर दोन्ही गुडघे रोवले आणि सगळं वजन टाकलं. शिंगाडेराव असे ओरडले की ओढ्यावरची बगळ्यांची रांग उडाली.

"गाठी आहेत," रगडोबा खूश होऊन म्हणाले. "फोडाव्या लागतील."

आठ दिवस गाठी फोडल्या. नवव्या दिवशी शिंगाडेरावांना बसलं की उठता येईना. कळपातला तरणा गवा दणकेराव रोज सकाळी येऊन तब्येतीची चौकशी करू लागला. त्याची काळजी पाहून भागाबाईला रडू यायचं.

शेवटी तिनेच नवऱ्याला ढकलत ढकलत ठमामावशीच्या जांभळाखाली नेलं. ठमामावशी म्हणजे म्हातारी वानरीण. तिच्याकडे पाटी नव्हती आणि रांगही नव्हती. ती खाली उतरली. शिंगाडेरावांना चार पावलं चालायला लावलं. मग त्यांच्या डाव्या मागच्या मांडीवर तळहात ठेवला.

"मावशी, दुखतंय खांद्यात," शिंगाडेराव म्हणाले. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं काय करताय?"

"इथे काय लागलं होतं रे?"

"ते होय? कुंपणाची तार. चार वर्षं झाली. जखम कधीच भरली."

"वरून भरली. कातड्याच्या खाली एक पातळ अस्तर असतं, शिंगापासून शेपटीपर्यंत सलग. ते इथे चिकटून बसलंय. सदऱ्याचं टोक खिळ्याला अडकलं की गळ्याशी आवळतं ना, तसं झालंय तुझं."

"मग ओढा जोरात."

"जोरात ओढलं की अंग घाबरतं आणि जास्त आवळून धरतं. गप उभा राहा."

मावशीने हात तसाच ठेवला. कातडं हलकेच एका बाजूला सरकवलं आणि थांबली. बराच वेळ थांबली. शिंगाडेरावांना वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. मग त्यांना स्वतःलाच लागली. जागे झाले तेव्हा मान थोडी वळत होती.

"रोज ये," मावशी म्हणाली. "आणि रोज थोडं थोडं चालत जा. मी काही जादू करत नाही."

पंधरा दिवसांत पाय पुढे पडू लागला. चढाच्या दिवशी शिंगाडेराव सगळ्यांच्या पुढे कडा चढले. वर पोचल्यावर भागाबाईकडे पाहून त्यांना एकदम भरून आलं. आता कळप सुटणार नव्हता.

तेवढ्यात दणकेरावने विचारलं, "काका, कुणाचा गुण आला?"

"ठमामावशीचा. तिने हात ठेवला."

"आणि?"

"आणि काही नाही. ठेवलाच."

"केवढ्याने ओरडलात?"

"ओरडलो नाही. झोप लागली."

कळपात कुजबुज झाली. "म्हणजे मुळात दुखतच नव्हतं," दणकेराव हळहळत म्हणाला. "काकूंना उगाच महिनाभर चारा वाहायला लावला. सोंगाड्याच्या मागून कडा चढलो आपण."

शिंगाडेरावांनी आजूबाजूला पाहिलं. एकही नजर ओळखीची वाटेना.

"त्याआधी रगडोबांनी आठ दिवस रगडलं होतं," ते घाईघाईने म्हणाले.

"असं सांगा की," सगळा कळप म्हणाला.

"माझा गुण मुरायला वेळ लागतो," बातमी कानावर येताच रगडोबांनी खुलासा केला. त्यांना कळपाचे राजवैद्य म्हणून नेमलं. चढाआधी प्रत्येकाने त्यांच्याकडून रगडून घ्यायचं, असा नियम झाला.

पुढच्या चैत्रात निम्मा कळप लंगडत होता. सगळ्यात जास्त शिंगाडेराव. ते मान खाली घालून जांभळाखाली आले.

"मावशी, मी खोटं बोललो. भ्यालो होतो."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिने ते लपवलं नाही. "वर्षभर एकही जण इकडे फिरकला नाही. चल, मांडी इकडे कर. हात मी ठेवते. तू ओरड."

"पण दुखत नाहीये."

"तरी ओरड. पोटातून."

शिंगाडेराव ओरडले. मावशीचा हात पिसासारखा पडला होता, आणि ते गळा काढून बोंबलत होते. दुसऱ्या दिवशी जंगलभर झालं, ठमामावशीचा हात फार जहाल. आठवड्यात जांभळाखाली रांग लागली. लोक हलक्या हाताखाली जिवाच्या आकांताने ओरडत आणि डोळे पुसत, बरे होऊन घरी जात. कळप त्या वर्षीही कडा चढला. पुढे अर्थात शिंगाडेराव.

पावसाळ्याच्या तोंडाशी रांगेत रगडोबा दिसले. लोकांना दाबून दाबून त्यांचा पंजा कामातून गेला होता. मावशीने तो नुसता दोन्ही हातांत धरला.

सर्वात मोठ्याने तेच ओरडले.

तात्पर्य : मुलांनो, बरं वाटलं तर गप्प बसू नये. लोकांना बरं झालेला माणूस खोटा वाटतो, विव्हळणारा खरा. म्हणून ज्याला हलक्या हाताने बरं व्हायचं असेल, त्याने आधी आवाज कमवावा.