देवाच्या वतीनं चिडणारे दानियलभाऊ

आमचे शेजारी दानियलभाऊ देवाच्या वतीनं चिडतात. देवानं केव्हाच माफ करून विषय संपवला असेल, पण भाऊंचा राग अजून ताजा आहे. सकाळी चहासोबत ते पवित्र शास्त्र उघडतात आणि भिंतीपलीकडून ऐकू येतं, "समुद्र फाडून रस्ता करून देल्ला ना बे तुमाले. आणखी काय पायजे?"

बल्लारपुरात ज्याचं त्याचं भांडण शेजाऱ्याशी. भाऊंचं भांडण थेट बायबलातल्या मोशेच्या लोकांशी. पेपर मिलमधून रिटायर झाल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच नाही.

"बाई, तुमीच सांगा," म्हणत ते कुंपणाशी येतात. मी भाजी निवडत असते, सुटका नसते. "सकाळी उठलं की मोहफुलावानी जेवण पडून राह्यलं होतं अंगणात. वेचाचं आन खाचं. तरी यायले मिसरातल्या गुलामीतल्या काकड्या आठवतेत."

"रोज तेच खाऊन कंटाळले असतील हो," मी मुद्दामच म्हणते.

"तुमी पन त्यातल्याच," म्हणून ते दोन दिवस माझ्याशी अबोला धरतात.

कुरकुर हा त्यांच्या लेखी चोरीपेक्षा मोठा गुन्हा. लाइट गेली आणि मी नुसतं हुश्श केलं, तरी पलीकडून आवाज येतो, "कुरकुर नाई पायजे." एकदा स्कूटरची सीट कुरकुरली, तर भाऊ खाली उतरून तिला समजावत बसले. आणि सोन्याच्या वासराचा विषय तर मी काढतच नाही. "मोशेले पहाडावरून याले जरासा उशीर काय झाला, यायनं दुसराच देव करून ठेवला. दम काऊन नाई धरवला?" एवढं बोलेपर्यंत बीपी वाढलेलं असतं.

यंदाच्या पुरात भामरागडचा रस्ता बंद झाला. भाऊंची एकुलती लेक रूथ तिथं नर्स आहे. बायको गेल्यावर भाऊंनीच तिला वाढवलं. वेणी घालायला ते माझ्याकडून शिकले. तिचा फोन लागेना. पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले, "तो हाय ना वर." दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, पण चहा तसाच ठेवला. तिसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून चकार शब्द नाही. मला चैन पडेना. मीच कुंपणाशी गेले.

भाऊ तिथंच उभे होते, हातात फोन घेऊन.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या गणपतीपाशी बी एक शब्द टाकून ठेवा ना."

मी नुसती मान हलवली.

"आन हे..." त्यांनी चोरून वर पाहिलं, "त्याले नका कळू देऊ."

दुपारी रूथचा फोन आला, पोरगी धडधाकट होती. पण सकाळी ते कोणाला ठाऊक होतं? मी आत जाऊन दिवा लावला. काय मागावं ते धड सुचेना.

"बाप्पा, रूथले सुखरूप ठेव," मी म्हटलं. "आन भाऊच्या देवाची कुठी गाठ पडलीच, तर त्याले म्हन, आमच्या भाऊवर चिडू नको."