दोन हजार वॅटची अंघोळ

"अहो, पाणी थंडगार आहे!" मंदाकिनीबाई पाहुण्यांच्या बाथरूममधून ओरडल्या.

"शक्य नाही," श्रीनिवास दाते हॉलमधूनच म्हणाले.

नरकचतुर्दशीची सकाळ. अपूर्वाचा पहिला दिवाळसण, आणि जावई सलिल अंगाला तेल लावून ताटकळलेला. अशा दिवशी जावयाला गार पाण्यानं अंघोळ घातली, तर विहीणबाई ते पुढची वीस वर्षं ऐकवणार. त्यातून श्रीनिवासरावांचा उभा जन्म कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेलेला. घरात एका वेळी एकच गिझर लावायचा, हा नियमही त्यांचाच.

"वायरमनला फोन करा."

"आज? दिवाळीच्या दिवशी? अगं, मी मेलोय का?"

त्यांनी स्टूल ओढलं, मीटरपेटी उघडली आणि तारेला चिमट्यासारखा लावायचा मीटर लावला. पॅसेजमधलं पाहुण्यांच्या गिझरचं बटण दाबल्याबरोबर आकडा चढला. श्रीनिवासरावांची कळी खुलली.

"या सलिलराव, बघा. व्होल्टेज दोनशे तीस, करंट आठ पॉइंट सात. गुणाकार करा."

"दोन हजार वॅट, बाबा," सलिल कुडकुडत म्हणाला.

"आणि भागाकार केला की रेझिस्टन्स सव्वीस ओहम. म्हणजे कॉइल ठणठणीत! वीज आत जातेय, ती काय गिझरमध्ये पत्ते खेळत बसेल? पंधरा लिटर पाणी वीस मिनिटांत कढत व्हायलाच हवं."

"पण हाताला गार लागतंय त्याचं काय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"हात म्हणजे काय थर्मामीटर आहे का? जा हो तुम्ही, खुशाल अंघोळ करा."

सलिल बिचारा बादली घेऊन गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, तो लालबुंद होऊन.

"कसं होतं पाणी?"

"एकदम मस्त, बाबा. वाफा येत होत्या."

श्रीनिवासरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू ओहमचा नियम त्यांनीच शोधला होता. मग पंचा खांद्यावर टाकून ते स्वतः पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेले. अंगभर उटणं चोपडलं, नळ सोडला, पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि त्यांचा श्वासच अडकला. पाणी बर्फासारखं! दाराबाहेर मंदाकिनीबाईंची चाहूल होती. हाक मारावी, तर सगळं गणित पाण्यात. त्यांनी दात आवळले आणि "हर हर गंगे" म्हणत अख्खी बादली अंगावर रिचवली. एरवी ते देवाचं नाव इतक्या कळकळीनं घेत नसत.

बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते.

"कसं होतं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"क... क... कढत!"

अपूर्वाला हसू आवरेना. "बाबा, काय हे! सलिलनं तुमच्या बेडरूममधल्या बाथरूममध्ये अंघोळ केली. काल रंगाऱ्यांनी बोर्ड परत बसवताना दोन्ही गिझरची बटणं उलटी जोडलीत. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा दिवा तिकडच्या गिझरचा लागला, ते त्याला दिसलं. तुमचे दोन हजार वॅट तिकडे चालले होते."

"मग सांगायचं नाही का?" श्रीनिवासरावांचा आवाज चढला.

"तुम्ही इतकं मनापासून समजावत होता, बाबा," सलिल खाली मान घालून म्हणाला, "मध्येच बोलणं बरं दिसेना."

श्रीनिवासरावांना शिंक आली. मंदाकिनीबाईंनी फराळाचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"गणित बरोबरच होतं तुमचं, नाही कोण म्हणतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि तिथलं पाणी तुम्हाला कढत लागतंय, तर प्रश्नच मिटला. पाडव्यालाही तुमची अंघोळ तिथेच."