एका चार्जिंगमध्ये राजापूर

"विजेच्या गाडीतलं मला कोणी शिकवू नये!" असं हरिश्चंद्रकाका छाती पुढे काढून सांगायचे, आणि देवरूखच्या आसपास त्यांना शिकवायची कोणाची टापही नव्हती. तीस वर्षं मुंबईत एका साहेबांची गाडी चालवलेला माणूस! निवृत्त होऊन वाडीत परतला आणि गेलं वर्षभर एकच अभ्यास करत बसला. विजेची गाडी घ्यावी का? घेतली तर लहान बॅटरीची की मोठ्या? आणि कंपनी सांगते तेवढी ती खरंच धावते का?

"कंपनीने सांगितलेली रेंज म्हणजे लग्न ठरवताना सांगितलेला मुलाचा पगार!" काका म्हणायचे. "त्यातला तिसरा हिस्सा सरळ सोडून द्यायचा. मग घाट वजा करायचे, मग एसी वजा करायचा, मग आपल्या माणसांचं सामान वजा करायचं. उरेल ती रेंज!"

किमतीचंही तेच. जाहिरातीत एक किंमत, विमा आणि नोंदणी धरून दारात येईपर्यंत दुसरीच. मोठ्या बॅटरीसाठी वरचे दोन-अडीच लाख मोजायचे, की लहान घेऊन घाटात देवाचं नाव घ्यायचं? काकांना दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. तुम्ही लहान म्हणालात की ते मोठीची बाजू घेत, मोठी म्हणालात की लहानची.

आता खरं काय ते सांगून टाकतो. काकांना गाडीची एवढी घाई नव्हतीच. कमळाकाकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा रितेश मुंबईला. तो फोन करायचा, नाही असं नाही, पण तो फोन "जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना? ठेवतो हां," एवढ्यात आटपायचा. रत्नागिरीच्या शोरूममधल्या मनिषाचा फोन मात्र अर्धा अर्धा तास चालायचा. ती मूळची बुरोंडीची, मासळी विकणाऱ्या आईच्या हाताखाली बोलायला शिकलेली. समोरचं गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या रक्तातच होतं. दर आठवड्याला ती विचारायची, "काका, मग काय ठरलं?" आणि काका खुर्ची ओढून, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, सविस्तर सांगायचे की काहीच ठरलेलं नाही.

गाडी घेतली की हा फोन बंद. नको म्हटलं तरी बंद. म्हणून काका विचार करत होते. अगदी मन लावून विचार करत होते!

आणि एका सकाळी मनिषाने बॉम्ब टाकला.

"काका, हा माझा शेवटचा फोन हां."

"शेवटचा? का गं? बरं नाही का तुला?"

"मला काय झालंय! साहेब ओरडले. म्हणाले, वर्ष झालं, हा माणूस गाडी घेतोय की पीएचडी करतोय? काढून टाक त्यांचं नाव."

काका खुर्चीतून ताडकन उठले. नाव काढून टाकणार! म्हणजे आठवड्यातला तो अर्धा तासही गेला. मग घरात बोलायला उरणार कोण, तर सकाळी भाजीवाला आणि संध्याकाळी टीव्हीवरचा बातम्यावाला. त्यातला एक ऐकत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही.

"घेतो!" काका ओरडले.

"काय? खरंच?"

"पण खरी रेंज बघितल्याशिवाय नाही! राजापूरला माझी बहीण आहे, सगुणा. माझ्या दारातून निघायचं, तिच्याकडे चहा घ्यायचा आणि परत यायचं. सगळं एका चार्जिंगमध्ये! जमलं तर घेतली."

बेत किती पक्का होता बघा! काकांनी मनातल्या मनात घाट, एसी आणि ऊन वजा करून पाहिलं होतं. गाडी पुरणार नाही, याची त्यांना खात्री होती. मग का पुरली नाही, यावर आरामात सहा महिने बोलता आलं असतं.

दोन दिवसांनी मनिषा पांढरी शुभ्र गाडी घेऊन वाडीत आली. लहान बॅटरीची. आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे गाडी अंगणात शिरली तरी पहिल्यांदा फक्त कोंबड्यांना कळलं. पण पाच मिनिटांत अख्खी वाडी जमली. पुढे शेजारचा मोरू आणि त्याची बायको, मागे पोरंबाळं, आणि सगळ्यात शेवटी देवळातला गुरव शिवा, हातात नारळ घेऊन.

"हरीदादा, घेतलात एकदाची!"

"अरे, ही…" काकांनी तोंड उघडलं. 'ही नुसती बघायला आणली आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण अंगणात वीस-पंचवीस माणसं उभी होती. कमळाकाकूच्या तेराव्यानंतर या अंगणात एवढी माणसं आलीच नव्हती. कोणी काचेला हात लावून बघत होतं, कोणी म्हणत होतं, "चाय ठेवा वो दादा!" काकांनी ते वाक्य गिळलं आणि चहाचं मोठं पातेलं शोधायला आत गेले.

बाहेर आले तोवर शिवाने चाकापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरूही केलं होतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"आज ह्या तुज्या लेकरान, हरिश्चंद्रान, नवी गाडी घेतलीन हाय…"

"व्हय म्हाराजा!"

"तिला वाटंत दगा नको, पंचर नको, पोलीस आडवा नको…"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ही बिनडिजलची हाय, तवा हिचं पोट तूच भरलंस पायजे!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज मनिषाचा होता! देवाला सांगितलं म्हणजे सौदा झाला, हे बुरोंडीच्या पोरीला कोणी शिकवायला नको होतं. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि काकांच्या कानाला टेकवला. "अभिनंदन, सर!" पलीकडून आवाज आला. काका म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

निघायच्या वेळी मोरू तांदळाचं पोतं घेऊन आला. "आमची लेक लांज्याला. वाटंतच हाय नव्हं?"

पोत्यामागून दोन फणस आले. फणसांमागून मोरूची बायको आली.

"शिवा, तू कुठे रे?" काकांनी विचारलं.

"मी पालीपरत."

"पालीला काय काम?"

"काय नाय. असाच!"

गाडी मागून अशी बसली की पुढचे दिवे थेट नारळाच्या शेंड्यांकडे बघू लागले. मनिषा हळूच म्हणाली, "काका, सकाळी दोन गिऱ्हाइकांना फिरवून आणलीय. बॅटरी अगदी फुल्ल नाहीये हां."

"बघू, बघू!" काका म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा ते साहेबांना न विचारता गाडी चालवत होते. मागच्या सीटवर माणसं भांडत होती, हसत होती, फणसाचा घमघमाट सुटला होता. आता रेंज गेली खड्ड्यात!

आणि ती खरोखरच गेली. मोरूच्या बायकोला उकडलं, एसी वाढवला. शिवाच्या कानात वारं गेलं, म्हणून एसी पुढे वळवला आणि मोरूला उकडलं! निवळीच्या घाटात समोरचा आकडा असा उतरू लागला की मनिषाने त्यावर रुमाल टाकला.

"काका, तुम्ही रस्ता बघा."

पाली जवळ आली आणि रुमालाखाली काहीतरी पिवळं पेटलं. काकांनी रुमाल उचलला. आकडा गायब! त्याच्या जागी एक छोटंसं कासव.

"कासव!" मागून मोरूची बायको किंचाळली. तिने दोन्ही हात जोडले. "देवळाच्या दारात असतं तसंच! शिवाभावजी, देवान गाऱ्हानं ऐकलान!"

"थांबवा गाडी!" शिवाचा आवाज भरून आला. "कासवाला वलांडून म्होरं जायचं नसतं. पाया पडूनशान जायचं!"

"अहो, ते कासव म्हणजे बॅटरी संपल्याची खूण आहे!" मनिषा कळवळली. "आता गाडी कासवाच्याच चालीने जाणार!"

पण ऐकतो कोण? शिवा, मोरू आणि त्याची बायको मागून पुढे वाकली आणि तिघांनी आळीपाळीने डॅशबोर्डला कपाळ टेकलं. तेवढ्यात गाडीने अंग टाकलं. समोर भाताची गिरणी होती. चौघांनी ढकलत ढकलत गाडी तिच्या अंगणात नेली. पाचवे काका. ते स्टिअरिंगवर होते, तीस वर्षांची सवय!

गिरणीवाला अनिल बाहेर आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"पेट्रोल संपलं?"

"वीज संपली."

"वीज? मंग हाय की आमच्याकडं!" त्याने मोठ्या सॉकेटात मनिषाची वायर जोडून दिली. "किती वेळ लागंल?"

"घरी पोचण्यापुरती व्हायला चार तास," मनिषा खालमानेने म्हणाली. तेवढ्यात लाईट गेली. "किंवा पाच," ती म्हणाली.

अनिलची आई सोनूबाई ओटीवरून हे सगळं बघत होती. तिने एवढंच विचारलं, "घावनं खानार काय?"

आणि मग अशी दुपार झाली की काय सांगू! लेकीसाठी निघालेला एक फणस तिथेच फुटला, मग त्याला सोबत म्हणून दुसरा फुटला. शिवाला अनिलच्या मावशीच्या सासरचं नातं सापडलं. मोरूने अनिलला भात कसा कांडायचा हे शिकवलं, आणि अनिल बिचारा ऐकत बसला. सगुणाचे फोन वर फोन येत होते. "दादा, कुठे पोचलास?" "चार्जिंगला लावलंय गं!" "तुला की गाडीला?" मनिषा चटईवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "काका, मी पण खोलीवर एकटीच असते. तुमचा फोन झाला की मग मला जेवण गोड लागतं." काकांना हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, ती कंपनीचं काम करते.

"बायको काय करती?" सोनूबाईने मधेच विचारलं.

"गेली. दोन वर्षं झाली."

सोनूबाईने काकांच्या ताटात आणखी एक घावन टाकलं आणि शेजारी बसून राहिली. काका मग खूप बोलले. लहान बॅटरी, मोठी बॅटरी यातलं काहीच नाही, कमळाकाकूबद्दल बोलले. दोन वर्षं साठलेलं सगळं बोलले. मधे लाईट तीनदा गेली, आणि दर वेळी सगळे हळहळले तेव्हा काका एकटेच आनंदाने म्हणाले, "असू दे, असू दे!"

राजापूर काही आलं नाही. तांदूळ लांज्याच्या एसटीत चढवून दिले. पण देवाला शब्द गेला होता, त्यामुळे पुढच्याच आठवड्यात काका शोरूममध्ये हजर झाले.

"काका, आता माझं ऐका," मनिषा म्हणाली. "मोठ्या बॅटरीची घ्या. वरचे पैसे जातील, पण राजापूरला जाऊन-येऊन कुठे थांबायला नको."

"म्हणूनच नको," काका म्हणाले. "लहान दे."

वर्षभराच्या अभ्यासाचा हा निकाल लागला! मनिषाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने लहान गाडीची पावती फाडली. तिचा आठवड्याचा फोन अर्थातच थांबला. नंतर तिची पुण्याला बदलीही झाली. मोरूला आणि शिवाला भातलावणीने धरलं. पण काका निर्धास्त होते. गाडी होती, बहीण होती आणि मधे पाली होती.

पावसाळा सरला तसे काका एक रविवार बघून निघाले. सोनूबाईसाठी घरची काकडी घेतली, अनिलसाठी पेढे घेतले. वाटेत मुद्दाम एसी मोठा ठेवला, काचा अर्ध्या उघड्या टाकल्या, आणि पालीच्या अलीकडे बॅटरी बरोबर मरायला टेकली. काय गाडी चालवली होती, वा!

गिरणीच्या अंगणात वळले आणि बघतात तर काय! जिथे चटई टाकली होती तिथे पत्र्याची शेड, शेडखाली कपाटाएवढं हिरवं यंत्र, आणि त्यासमोर मुंबईच्या तीन गाड्या रांगेत!

अनिल धावत आला. "काका, तुमच्याच पायगुणान! तुमी येऊन गेलात आनि डोक्यात आलं. कर्ज काढून फास्ट चार्जर लावलाव! आता पाच तास बसायचं कामच नाय. अर्ध्या तासात मोकळे!"

"अर्ध्या तासात?" काकांचा आवाज एवढासा झाला. "आणि आई?"

"आई हाय की! पन आता तिला उसंत कुठं? ह्या लोकांना चाय लागती." सोनूबाईने शेडमधून हात हलवला आणि ती किटली घेऊन पुढच्या गाडीकडे वळली.

काकांनी काकडीची पिशवी मांडीवर घेतली. रांगेतल्या तिन्ही गाड्या झाल्या. अनिल हाताने खुणावू लागला, "या काका, लावा म्होरं!"

तेवढ्यात मागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली. काकांनी काच खाली केली आणि मागच्या माणसाला हात दाखवला.

"तुम्ही घ्या हो आधी. मला काही घाई नाही!"

त्याच्यामागे आणखी एक आली. काकांनी तिलाही वाट दिली. दिवेलागणीपर्यंत सोनूबाईने त्यांच्या गाडीशी सहा वेळा चहा आणून दिला, आणि सहाव्या वेळी विचारलं, "आवं, तुमची गाडी हाय तरी इजेची?"