अकरावं रीळ

"पुढच्या चौदा तारखेला अख्खं नेवासं उचलतो आणि नगरला नेऊन बसवतो!" रविवारी सकाळी मटार सोलता सोलता विष्णुपंतांनी जाहीर केलं.

अख्खं नेवासं म्हणजे बत्तीस माणसं. यादी तयार, बत्तीस सीटची मिनीबस ठरलेली. नगरच्या एका जुन्या थिएटरात एक गाजलेला पिक्चर पुन्हा लागणार होता, तोही मूळ सत्तर एम.एम.च्या रुंद फिल्मवर! पंत नेवाशाच्या टॉकीजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते. हाच पिक्चर त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी साध्या, अरुंद फिल्मवर दाखवला होता, सलग तेरा आठवडे. टॉकीज कधीच बंद पडली, पण पंत अजून चहाची किटलीसुद्धा फिल्मचा डबा धरावा तशी दोन्ही हातांनी धरत.

"मैत्रेयी, तू हा पिक्चर किती वेळा पाहिलास?"

"अकरा वेळा, बाबा."

"चूक! एकदाही नाही." पंतांनी एक दाणा तोंडात टाकला. "तूच काय, नेवाशात माझ्याखेरीज कुणीच पाहिलेला नाही!"

"म्हणजे काय?"

"ते तिथेच कळेल. आत्ता सांगितलं तर मजा जाईल."

मैत्रेयीनं सालं गोळा केली आणि वाचायला बसली. कॉलेजची ग्रंथपाल, रविवारी दुसरं काय करणार? विचारायला अख्खा महिना पडला होता.

सोमवारी सकाळी चहा गाळून होईपर्यंत पंत गेले होते.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी फुलवाले गोरक्षनाथ दारात उभे. "ताई, पंतांचा शब्द हुता. गाडी निघनार न्हवं?"

आणि जिनं जन्मात कधी कुणाची सहल काढली नाही, ती मैत्रेयी पंतांची वही घेऊन मिनीबसच्या दारात उभी राहिली. मोजलं, एकतीस! पुन्हा मोजलं, एकतीस! ती खाली उतरली, वर चढली, सीटखाली वाकली.

"पोरी, सीटखाली कोन बसतंय?" भेंडा गावच्या मुक्ताबाई म्हणाल्या. "आमी मानसं हाय, कोंबड्या न्हाई!"

नेवासा फाट्यापर्यंत तिनं पाच वेळा मोजलं. मग यादी वरून वाचायला घेतली. पहिलंच नाव होतं, "मी."

तिनं वही मिटली आणि नगर येईपर्यंत खिडकी उघड-बंद करत राहिली.

थिएटरात पोचताच गोरक्षनाथ हार आणि नारळ घेऊन थेट प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये! पंतांचा रिवाजच होता, पहिल्या खेळाआधी मशीनला हार घालायचा आणि नारळ वाढवायचा. पण हे मशीन चालवायला पुण्याहून आलेला हर्षल. त्यानं नारळ बघितला आणि मशीनवर असा आडवा पडला, जणू गोरक्षनाथ वरवंटा घेऊन आलेत!

"काका, पाणी उडेल! लेन्स आहे!"

"पंतांच्या लेन्सला कंदी काई झालं न्हाई!"

शेवटी मैत्रेयीनं मध्ये पडून नारळ जिन्यात फोडवला. त्याच्या पाण्यावरून नगरचे दोन प्रेक्षक घसरले. ते वेगळंच!

पिक्चर सुरू झाला. पडदा केवढा! पंचवीस घोडे एकदम धावत आले तेव्हा मुक्ताबाईंनी पाय वर घेतले. मैत्रेयीला मात्र बसवेना. ती सारखी मागे वळून केबिनच्या चौकोनी खिडकीकडे बघत होती. लहानपणीही अशीच बघायची. फिल्म तुटली की अख्खी टॉकीज बोंबलायची, "ए ऑपरेटर, झोपला का?" त्यापुढचं लिहिण्यासारखं नाही. ती अंधारात मान खाली घालून बसायची. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर सांगायची, "लाईट खात्यात आहेत." एकदा बाईंनी निरोप दिला, "वडिलांना आमचा मीटर बघून जायला सांग." तिची तर बोबडीच वळली! तिनं घरी कसाबसा निरोप सांगितला. पंतांनी तिच्याकडे एकदाच बघितलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, गेले आणि मीटर दुरुस्त करून आले. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. ना त्यांचं, ना तिचं.

पिक्चर रंगला होता. आंधळा हिरो देवीच्या पायरीवर डोकं आपटून आपटून गात होता. गोरक्षनाथांनी दोन बोटं तोंडात घातली. नेवाशात हे गाणं संपलं की लगेच हिरोचं लग्न लागायचं आणि तो धडधडीत डोळे उघडून नवरीकडे बघायचा. देवीनं दृष्टी दिली! पस्तीस वर्षं गोरक्षनाथ हार विकताना गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते, "त्याला डोळं दिलं, तुमच्या पोराला नोकरी न्हाई देनार?"

गाणं संपलं. गोरक्षनाथांची शिट्टी घुमली. आणि पडद्यावर लागलं हॉस्पिटल!

"ह्ये काय?" शिट्टी मध्येच मेली.

हिरोचा म्हातारा बाप, जो नेवाशाच्या हिशेबी घर सोडून पळालेला नालायक होता, तो डॉक्टरांच्या हातापाया पडत होता.

"ह्ये न्हवतंच! ह्ये पुन्यात घुसडलंय!" गोरक्षनाथ उठले. त्यांच्यामागे एकतीसांतले एकोणतीस उठले. "बंद करा! ए ऑपरेटर!"

दिवे लागले. हर्षलनं केबिनच्या खिडकीतून डोकं काढलं. "अहो, मी काहीही घुसडलेलं नाही!"

"पंतांनी आमाला खरा पिक्चर दावला हुता! ह्ये काढ आन लगीन लाव!"

नगरची माणसं वैतागली. "ओ, ज्याला लग्न बघायचं त्यानं बाहेर कार्यालयात जावं!" आरडाओरडा एवढा वाढला की हर्षलनं हात जोडले. "बरं बाबांनो! हे रीळ सोडतो, पुढचं लावतो. मग तर झालं?"

हाताला चाळा म्हणून मैत्रेयीनं पुन्हा माणसं मोजायला वही उघडली. ती पंतांची केबिनमधलीच जुनी वही होती. यादी शेवटच्या कोऱ्या पानांवर होती, आणि आज उघडलं गेलं ते पहिलं पान. "दिवसाचा एकच खेळ, साडेपाचचा. गर्दी कुकाणा, भेंड्याची. शेवटची एस.टी. ९.१०. रीळ ११ वगळले." पुढचं पान, रीळ ११ वगळले. त्याच्या पुढचं, तेच! तेरा आठवडे!

सांगितलं, तर बाबांचा खरा पिक्चर खोटा ठरणार. गप्प बसलं, तर बाबांना जे दाखवायचं होतं ते आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, पुन्हा वगळलं जाणार.

ती खुर्चीवर चढली. हो, खुर्चीवर!

"थांबा! रीळ काढू नका! हाच खरा पिक्चर आहे. अकरावं रीळ बाबाच काढून ठेवायचे. खेळ लांबला तर गावोगावच्या लोकांची शेवटची एस.टी. चुकली असती म्हणून!"

"म्हंजी आमच्यापायी?" भेंड्याच्या मुक्ताबाईंनी विचारलं. "व्हय गं, येकदाबी गाडी चुकली न्हाई आमची."

गोरक्षनाथ हळूच खाली बसले. "आन मी येवढ्या लोकांना..."

"मॅडम," हर्षल वरून ओरडला, "पण तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांची सवय! "लाईट..." इतकं तोंडातून निघालंच.

"लाईट लावलेत की, मॅडम! तुम्ही कोण?"

मैत्रेयी आणखी जोरात ओरडली. "मी ऑपरेटरची मुलगी! माझे वडील ऑपरेटर होते!"

"अगं, त्ये सगळ्या नेवाशाला ठावं हाय!" गोरक्षनाथ म्हणाले. "येवढं वरडून काय सांगतीस?"

"सांगू दे रं तिला," मुक्ताबाई म्हणाल्या.

दिवे गेले. पडद्यावर डॉक्टर हिरोच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायला लागले. केवढी मोठी पट्टी! मैत्रेयी केबिनच्या खिडकीकडे तोंड करून अजून खुर्चीवरच उभी होती.

"बाबा, माझे वडील ऑपरेटर होते!"

"कळलं हो, ताई!" मागून नगरचा एक जण ओरडला. "आता खाली बसा, त्याला दिसायला लागलं, आम्हाला दिसेना!"