छबूला लागू पडलेलं वेखंड

बाळांनो, मांडी घालून बसा आणि नाकात बोटं घालू नका.

एका जंगलात, ओढ्याकाठच्या चिखलात वेखंड उगवायचं. त्याचं मूळ उकरून द्यायचं काम साळूआत्या करायची. कुणाचं पोट फुगलं की पोटावर लेप. कुणाचं पिल्लू सर्दीने फुरफुरलं की कपाळावर लेप. अट एकच, तिच्या काट्यांना कुणी हात लावायचा नाही.

त्या जंगलाचा राजा दुर्धरसिंह. त्याचा बछडा छबू दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. राणी रडून अर्धी झाली.

"आत्या, काहीतरी करा हो!"

"वेखंड देऊन बघू," साळूआत्या म्हणाली. "दगडावर दुधात उगाळायचं आणि रोज सकाळी नखभर जिभेला लावायचं."

पंधरवडा गेला. राजा भरदरबारात सांगत होता, आपण एकट्याने रानरेडा कसा लोळवला. तेवढ्यात छबूने तोंड उघडलं.

"बाबा, तो तर मेलेलाच होता. तरसकाकांनी दिला ना तुम्हाला?"

सगळा दरबार जमिनीकडे बघू लागला. माकडाला खोकल्याची उबळ आली.

राणीचे मात्र डोळे भरून आले. "बोलला गं बाई! आणि किती स्पष्ट!"

राजाने साळूआत्याला पकडून आणवलं. "बोलणं बंद करणारं मूळ दे. नाहीतर तुझी जीभ उपटतो."

आत्याने काटे सावरले. "महाराज, जमिनीखाली तसलं काही उगवत नाही."

"जमिनीवर उगवतं की!" कोल्हेप्रधान पुढे सरसावला. "युवराजांना दरबाराचे प्रवक्ते नेमा."

नेमलं. छबूला बसायला उंच दगड मिळाला, खायला कोवळं मांस मिळालं. तिसऱ्या दिवशी सशाने विचारलं, "ओढा का आटला?" छबू सूर्य मावळेपर्यंत बोलला. ससा शेवटी आभार मानून गेला. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नाही.

राणी धावत आत्याकडे आली. "दिवसभर बोलतो हो, पण सांगत काहीच नाही!"

"राणीसाहेब, याला वेखंड लागू पडत नाही," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात वेखंड उकरायला बंदी आली. आत्या पलीकडच्या जंगलात राहायला गेली. तिथली पिल्लं म्हणे फार लवकर बोलतात. राजे मात्र टिकत नाहीत.

तात्पर्य: मूल उशिरा बोलत असेल, तर घाईने औषध देऊ नये. आधी बापाला विचारावं, त्याची तयारी झाली आहे का.